डावा दंड आणि उजवा दंड

आमच्या शेजारच्या बिऱ्हाडांत कॉलेजांत जाणारा एक मुलगा राहतो. हल्लीं जिला जिम म्हणतात त्या व्यायामशाळेंत तो दोन वर्षें नियमानें जात आहे. एके दिवशीं संध्याकाळीं आईच्या शिवणाच्या डब्यांतील टेप घेऊन तो माझ्याकडे आला व म्हणाला, "गुरुजी, माझे दंड जरा मोजून बघा. माझें मी मोजायला जातों तर टेप सरकते." मीं मोजले. उजवा दंड साडेतेरा इंच भरला, डावा तेरा. पोराचा चेहरा उतरला. मग हळूहळू सारी हकीकत बाहेर आली. आरशांत पाहतां पाहतां ही तफावत त्याच्या मनांत भरली होती. आणि ती नाहींशी करण्यासाठीं गेले चार महिने, रोजचा व्यायाम संपल्यावर, एकट्या डाव्या हातानें डंबेल उचलून बेटकुळीचा व्यायाम तो दुप्पट करीत होता. दंड जाड होण्याचें राहिलें बाजूला; डावें कोपर मात्र दुखूं लागलें होतें, आणि सकाळीं दुधाची पिशवी उचलतांना देखील कळ येत होती. त्याची आई दारांत उभी होती. ती म्हणाली, "तुम्हीच सांगा गुरुजी, तुमचें ऐकलें तर ऐकेल. घरांत कुणाचें ऐकत नाहीं."

मी वैद्य नव्हे, कीं व्यायामशिक्षक नव्हे. आयुष्य शाळेंत गणित व शास्त्र शिकविण्यांत गेलें. परंतु त्या मुलाच्या निमित्तानें ह्या विषयाची बरीच माहिती मीं मिळविली. आणि तींतील एक गोष्ट मला पुष्कळ वर्षांपूर्वीं ठाऊक असती, तर एका विद्यार्थ्यावर माझ्या हातून अन्याय झाला नसता. ती गोष्ट शेवटीं सांगेन. आरंभीं साध्या गोष्टी पाहूं.

दोन्ही बाजूंनीं तंतोतंत सारखा मनुष्य सृष्टींत सांपडत नाहीं. नवा जोडा घेतांना एक पाय सैल व एक पाय घट्ट, हा अनुभव आपणांपैकीं बहुतेकांना असेल. चांगला शिंपी दोन्ही खांदे निरनिराळे पाहून मगच कापडास कात्री लावतो. हातांचें तर विचारूंच नका. उजव्या हातानें कामें करणाऱ्या माणसाची उजवी मूठ डावीपेक्षां सरासरीनें शेंकडा १० च्या सुमारास अधिक बळकट असते. गंमत अशी कीं, डावखुऱ्या माणसांत हा फरक बहुधा नसल्यासारखाच आढळतो. याचें कारण असें देतात कीं, कात्रीपासून दाराच्या कडीपर्यंत सारें जग उजव्यांच्या सोयीनें बनलेलें असल्यामुळें डावखुऱ्यास उजवा हातहि राबवावा लागतो. ज्याला आपण लहानपणीं "उजव्या हातानें जेव" म्हणून दटावतों, त्याचेच हात पुढें अधिक सारखे निघतात!

हा फरक केवळ स्नायूंचाच असतो असें नाहीं. १९७७ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत टेनिसच्या ८४ धंदेवाईक खेळाडूंच्या दंडाच्या हाडांचीं क्ष-किरणांनीं घेतलेलीं चित्रें तपासलीं होतीं. रॅकेट धरणाऱ्या हाताच्या हाडाची भिंत दुसऱ्या हातापेक्षां पुरुषांत सुमारें शेंकडा ३५ नें, व स्त्रियांत सुमारें शेंकडा २८ नें जाड भरली. हाडासारखी कठीण वस्तु, पण तीहि कामाप्रमाणें आपला आकार बदलते. ऑस्ट्रेलियाचा डावखुरा खेळाडू रॉड लेव्हर यानें १९६२ व १९६९ अशा दोन वर्षीं टेनिसच्या चारी मोठ्या स्पर्धा जिंकल्या. त्याचा डावा हात कोपराच्या पुढें उजव्यापेक्षां नुसत्या डोळ्यांनीं पाहतां जाड दिसे. त्यामुळें त्याचें कांहीं अडलें नाहीं, आणि कोणी त्याला उजव्या हाताची भरपाई करावयास सांगितल्याचेंहि ऐकिवांत नाहीं. मीं स्वतः पस्तीस वर्षें उजव्या हातानें फळ्यावर लिहिलें. पण माझे दोन्ही दंड सारखेच काटकुळे राहिले. खडूला वजन नसतें, हें त्याचें कारण. आकार वाढतो तो ओझ्यानें. केवळ हालचालीनें नव्हे.

आतां त्या अर्ध्या इंचाचा हिशेब करूं. प्रथम हें पाहावें कीं, अर्धा इंच खरोखर आहे काय. टेप थोडी तिरपी धरली कीं पाव इंच सहज वाढतो. व्यायाम नुकताच झाला असेल तर स्नायूंत रक्त भरून दंड फुगलेला असतो, आणि तो कांहीं वेळानें आपोआप उतरतो. खांद्याच्या हाडाचें टोंक व कोपराचें टोंक यांच्या बरोबर मध्यावर खूण करावी, हात सैल सोडावा, सकाळीं व्यायामापूर्वीं मोजावें, आणि दोन्ही हात दुसऱ्या कोणाकडून मोजून घ्यावे. ह्या रीतीनें दुसऱ्या दिवशीं मोजतां आमच्या मुलाचा फरक पाव इंचाहून थोडा अधिक, एवढाच उरला. बाकीचा फरक उजवी बेटकुळी डावीपेक्षां अधिक जोरानें फुगविण्याच्या हौसेचा होता.

परंतु वादाकरितां अर्धा इंच खरा मानला तरी त्याचा अर्थ काय? तेरा इंचांवर अर्धा इंच म्हणजे घेरांत शेंकडा ४ चा फरक. आडव्या छेदाचें क्षेत्रफळ घेराच्या वर्गाच्या प्रमाणांत असतें, म्हणून तेथें तो फरक शेंकडा ८ च्या जवळ जातो. त्या क्षेत्रफळांत हाड आहे, चरबी आहे, कातडी आहे. निव्वळ स्नायूचा वांटा किती, तें टेप सांगत नाहीं. शिवाय स्नायूची जाडी व स्नायूचें बळ ह्या दोन गोष्टी बरोबरीनें चालत नाहींत. नवा मनुष्य वजनें उचलूं लागला म्हणजे पहिल्या कांहीं आठवड्यांत त्याचें बळ झपाट्यानें वाढतें, पण दंडाचें माप जवळजवळ तेवढेंच राहतें. कारण त्या काळांत मुख्यतः शिकत असतात ते मज्जातंतु. आहे तोच स्नायु अधिक पुरतेपणानें कामास कसा लावावा, हें ते शिकतात. स्नायु फुगतो तो मागाहून. यास्तव बारीक हात हा दुबळा हात असेलच असें नाहीं. मीं त्या मुलास दहा किलोचें एकच डंबेल आधीं एका हातानें व मग पुरेशा विश्रांतीनंतर दुसऱ्या हातानें, प्रामाणिकपणें थकेपर्यंत उचलावयास लावलें. उजवा हात अकरा वेळां, डावा दहा वेळां. ज्या फरकासाठीं चार महिने कोपर झिजविलें तो हा एवढाच होता!

मग तो एकाचा फरक तरी कोठून आला? ह्या प्रश्नाचें उत्तर मला त्याच्या व्यायामशाळेंत मिळालें. (म्हातारपणीं तेथें जाऊन बसण्याचा प्रसंग आला, आणि तेथील गाण्यांच्या आवाजानें दोन दिवस कान गात होते, तें असो.) वजनाचा लांब दांडा तो छातीपासून वर ढकलीत होता. दांड्यावर पकड मोजून घेण्यासाठीं कोरलेल्या खुणा असतात, पण त्यांकडे त्याचें लक्ष नव्हतें. त्याचा उजवा हात मध्यापासून दहा इंचांवर पडे, डावा अकरा इंचांवर. शाळेंत आपण तराजूचें गणित करतों तेंच येथें लागू पडतें. आडवा दांडा दोन ठिकाणीं उचलून धरला, तर मध्याच्या जवळ असलेल्या हातावर अधिक भार येतो. साठ किलोंचा दांडा असेल तर दहा इंचांवरील हात ३१.४ किलो उचलतो व अकरा इंचांवरील हात २८.६ किलो. एका इंचाच्या चुकीनें जवळजवळ तीन किलोंचा फरक! आणि ही चूक एक दिवसाची नव्हे. रोजची, आणि दोन वर्षांची. आपला देह वांकडा आहे असें मानून मुलगा झुरत होता, आणि वांकडी होती ती त्याची पकड.

दांड्याचा हाच दोष समजा कीं स्वभाव समजा: दोन हातांची वांटणी तो झांकून ठेवतो. वजन वर गेलें म्हणजे झालें. त्यांत कोणी किती भार वाहिला तें समजत नाहीं. एकत्र कुटुंबांतील कामांसारखेंच हें आहे. उलटपक्षीं दोन हातांत दोन सुटीं वजनें दिलीं कीं लपवालपवी संपते. आपल्या तालमींत मुद्गल फिरवितात ते जोडीनें, आणि आळीपाळीनें. उजव्याचा फेरा झाला कीं डाव्याचा झालाच पाहिजे, नाहीं तर लय मोडते. हातांची समता राखावी म्हणून कोणी हेतुपुरस्सर ही रीत बसविली कीं काय तें मी सांगूं शकत नाहीं, पण तिचें फळ तेंच आहे. नाल एका हातानें उचलावयाची, तेथें मात्र प्रत्येकजण आपला वाकबगार हातच पुढें करतो.

वांकडेपणाच्या अशा आणखीहि संवयी आहेत. जमिनीवरून जड दांडा उचलतांना एक तळवा पुढें व एक तळवा मागें अशी उलटसुलट पकड कित्येकजण घेतात. तिनें दांडा निसटत नाहीं हें खरें, पण दोन्ही हातांवर पडणारा ताण निरनिराळा असतो. ज्या हाताचा तळवा बाहेरच्या बाजूस वळलेला असतो, त्याच्या बेटकुळीच्या स्नायूचा कंडरा कोपराजवळ तुटण्याचे प्रकार घडतात. म्हणून ही पकड घेणाऱ्यानें हात आलटून पालटून बदलावे. तसेंच वजन डोक्यावर झोंकतांना एक पाय पुढें व एक मागें टाकण्याची पद्धति आहे. बहुतेक लोक जन्मभर तोच पाय पुढें टाकतात, आणि कंबर व मांड्या यांची घडण त्याप्रमाणें होते.

स्पर्धेच्या भारोत्तोलनांत दोन्ही हातांच्या जोडीला किती महत्त्व आहे हें थोडक्यांत सांगतों. १८९६ सालीं अथेन्सला पहिल्या आधुनिक ऑलिंपिक स्पर्धा झाल्या, तेव्हां एका हातानें वजन उचलण्याची वेगळी स्पर्धा होती. ब्रिटनच्या लॉन्सेस्टन एलियट यानें ७१ किलो उचलून ती जिंकली. एका हाताचे प्रकार ऑलिंपिकमध्यें १९२४ पर्यंत राहिले, आणि १९२८ पासून केवळ दोन हातांचेच प्रकार उरले. आतां स्नॅच व क्लीन अँड जर्क हे दोनच आहेत, व दोहोंतहि डोक्यावर वजन घेतांना दोन्ही कोपरें पुरतीं सरळ व्हावीं लागतात. एक हात मागें पडला, त्यानें वजनाला मागाहून रेटा दिला, कीं उचल बाद. मात्र ज्याचें कोपर रचनेमुळेंच पूर्ण सरळ होत नाहीं, त्यानें स्पर्धेपूर्वीं पंचांस तें दाखवून ठेवावें अशी नियमांतच सोय आहे. सर्व देह एका सांच्याचे नसतात, हें नियम करणाऱ्यांनीं ओळखलें आहे, ही मला मोठी समाधानाची गोष्ट वाटते. आपल्या सांगलीचा संकेत सरगर २०२२ सालीं बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धांत ५५ किलो वजनगटांत आघाडीवर होता. क्लीन अँड जर्कच्या दुसऱ्या प्रयत्नांत त्याच्या उजव्या कोपरास दुखापत झाली, आणि २४९ विरुद्ध २४८ अशा एका किलोनें सुवर्णपदक गेलें. ही दुखापत होती, विषमता नव्हे. पण एक हात निकामी झाला कीं दुसऱ्याचें सारें बळ व्यर्थ जातें, हें त्या दिवशीं सर्वांनीं पाहिलें.

विषमतेचें खरें उदाहरण पाहावयाचें तर तें मणिपूरच्या मीराबाई चानू हिचें आहे. २०१७ सालीं ती ४८ किलो वजनगटांत जगज्जेती झाली. पुढच्या वर्षीं पाठीच्या दुखण्यानें तिला आशियाई स्पर्धा सोडाव्या लागल्या, आणि खांद्याचें दुखणेंहि मागें लागलें. २०२० च्या अखेरीस ती अमेरिकेंत अ‍ॅरन हॉर्शिग यांच्याकडे गेली. हे गृहस्थ भौतिकोपचारांचे तज्ज्ञ असून पूर्वीं स्वतः वजनें उचलीत. तेथें तिच्या स्नायूंतील असमतोलावर मेहनत घेण्यांत आली. २०२१ च्या एप्रिलमध्यें ताश्कंद येथें तिनें क्लीन अँड जर्कमध्यें ११९ किलो उचलून ४९ किलो गटांतला तेव्हांचा विश्वविक्रम केला, आणि २४ जुलै २०२१ रोजीं टोकियोच्या ऑलिंपिकमध्यें एकूण २०२ किलो उचलून रौप्यपदक मिळविलें. सारें यश त्या उपचाराचेंच, असें म्हणणें योग्य होणार नाहीं. त्यामागें कितीतरी वर्षांची तपश्चर्या होती. परंतु ह्या हकीकतींत लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, तिच्या उपचारांत हाताच्या घेराला महत्त्व नव्हतें. प्रश्न होता तो स्नायु आपापलें काम कसें वांटून घेतात, याचा.

तो समजावयास खांद्याची रचना थोडी ठाऊक पाहिजे. मांडीचें हाड कंबरेच्या खोल खोबणींत बसलेलें असतें. दंडाचें हाड मात्र खांद्याच्या अगदीं उथळ बशींत टेकलेलें असतें. म्हणून खांदा चहूंकडे फिरतो. आणि म्हणूनच त्याला जागेवर धरून ठेवण्याचें काम आसपासच्या स्नायूंवर पडतें. एका बाजूचे स्नायु आंखडलेले किंवा आळशी असले, तर दांडा डोक्यावर नेतांना तो खांदा पुरता उघडत नाहीं. दांडा तर आडवा राहिला पाहिजे. मग ती उणीव भरून काढण्यासाठीं धड किंचित् वळतें, कंबरेची एक बाजू अधिक ताणली जाते. दुखूं लागते ती पाठ, आणि अपराधी असतो खांदा. हें टेपनें मोजतां येत नाहीं. तें पाहण्यासाठीं जाणत्या माणसानें मागें उभें राहून नीट निरखावें लागतें. ह्याच जातीचा आणखी एक असमतोल डाव्या-उजव्याचा नसून पुढच्या-मागच्याचा असतो. आरशांत दिसते ती छाती व बेटकुळी. दिसत नाहीं ती पाठ. तेव्हां मुलें जें दिसतें तेंच वाढवितात, आणि खांदे पुढें ओढले जाऊन पोंक काढलेलीं दिसतात. मला विचाराल तर पाव इंचाच्या तफावतीपेक्षां ह्याची काळजी आधीं करावी.

आतां उपाय. तो इतका साधा आहे कीं मुलास आरंभीं तो खरा वाटेना. एका हाताचे व्यायाम नेहमीं दुबळ्या हातानें सुरूं करावे. तो जितक्या वेळां नीट उचलील तितक्याच वेळां बळकट हातानें उचलावें, आणि जोर शिल्लक असला तरी तेथेंच थांबावें. वजन दोन्ही हातांस तेंच. म्हणजे मागच्यास पळवावयाचें नाहीं, पुढच्यानें थोडें थांबावयाचें. दुप्पट व्यायामाचा मार्ग वाईट कां, तर स्नायु लवकर तयार होतो पण त्याला हाडाशीं जोडणारा कंडरा सावकाश तयार होतो. एकाएकीं भार वाढविला कीं रडतो तो कंडरा. आमच्या मुलाचें कोपर हेंच सांगत होतें. तज्ज्ञ मंडळी दोन बाजूंच्या बळांत शेंकडा १० ते १५ पेक्षां अधिक फरक असला तर लक्ष द्यावें असें म्हणतात. पण ती सोयीसाठीं ओढलेली रेघ आहे, तिच्या अलीकडे क्षेम व पलीकडे घात असा कांहीं निसर्गाचा नियम नाहीं.

येथें एक नवलाची गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाहीं. १८९४ सालीं अमेरिकेंतील येल विद्यापीठांत एडवर्ड स्क्रिप्चर या मानसशास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं एक प्रयोग केला. रबराचा गोळा एका हातानें दाबून त्याच्या जोरावर नळींतील पारा चढवावयाचा, असा सराव कांहीं दिवस केवळ उजव्या हातानें केला. शेवटीं दोन्ही हात तपासतां, ज्यानें कांहींच केलें नव्हतें त्या डाव्या हाताचेंहि बळ वाढलेलें आढळलें! पुढें अनेकांनीं हा प्रयोग निरनिराळ्या रीतींनीं करून पाहिला आहे. बसल्या हाताची वाढ सरासरीनें शेंकडा १० च्या आसपास भरते. डाव्या स्नायूंत त्यामुळें म्हणण्यासारखी जाडी येत नाहीं. वाढतें तें मेंदूचें व मज्जातंतूंचें शिक्षण, आणि तें एका बाजूस दिलें तरी दुसरीकडे थोडें पोंचतें. ज्यांचा एक हात मोडून प्लॅस्टरमध्यें आहे त्यांना ह्याचा उपयोग आहे. डॉक्टरांच्या सल्ल्यानें चांगल्या हाताचा व्यायाम चालूं ठेवला तर बांधलेल्या हाताचें बळ कमी प्रमाणांत घटतें.

आणि एक बाजू खरोखरच झिजली असली तर वजनें उचलून ती भरून आणतां येते, हें दाखविणारा पुरुष थॉमस डीलॉर्म होय. दुसऱ्या महायुद्धांत शिकागोच्या गार्डिनर लष्करी रुग्णालयांत गुडघ्यांच्या दुखापतींचे शेंकडों सैनिक पडून होते. एक मांडी धड व दुसरी वाळलेली. त्या काळीं अशा रोग्यांस हलके व पुष्कळ वेळांचे व्यायाम देत. डीलॉर्मला लहानपणीं संधिवाताचा ताप आला होता, व पुढें वजनें उचलून त्यानें आपली प्रकृति सुधारली होती. त्यानें धीर करून सैनिकांना जड वजनें दिलीं, पायांत लोखंडी जोडा अडकवून. १९४५ सालीं त्यानें आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. दहा वेळांपेक्षां अधिक उचलतां येणार नाहीं असें वजन आधीं शोधावयाचें. मग त्याच्या निम्म्यानें दहा, पाऊण वजनानें दहा, व पुऱ्या वजनानें दहा उचली करावयाच्या, आणि बळ वाढेल तसें वजन वाढवावयाचें, ही पुढें त्यानें सुचविलेली रीत आजहि भौतिकोपचारांत शिकवितात.

आमच्या मुलानें तीन आठवडे डाव्या हातास जवळजवळ विश्रांति दिली, मग दांड्यावर खुणा पाहून हात ठेवूं लागला, व डंबेल्सना डाव्या हातानें सुरुवात करूं लागला. तीन महिन्यांनीं कोपर दुखावयाचें थांबलें. दंडांत पाव इंचाचा फरक अजून आहे. टेप त्याच्या आईनें परत डब्यांत ठेवली आहे.

हें सारें मीं निर्धास्तपणें सांगितलें, पण दोन प्रसंगीं निर्धास्त राहूं नये. पहिला प्रसंग, एक हात एकाएकीं जाड होणें. जोराच्या व्यायामानंतर एका-दोन दिवसांत सबंध हात सुजला, जड झाला, निळसर दिसूं लागला, खांद्यावर व छातीवर शिरा उमटल्या, तर ती बेटकुळीची वाढ नव्हे. गळ्याजवळ पहिली बरगडी व गळपट्टीचें हाड यांच्यामधून हाताची मोठी शीर जाते. वारंवार हात उंचावून जोर केल्यानें तेथें ती चेंगरून तींत रक्ताची गुठळी होऊं शकते. धडधाकट तरुणांतच हें बहुधा होतें. अशा वेळीं शेक देत बसूं नये, त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. गुठळी फुप्फुसांत गेली तर जिवावर बेततें.

दुसरा प्रसंग म्हणजे एक हात हळूहळू बारीक होत जाणें. आणि आरंभीं ज्या विद्यार्थ्याचा मीं उल्लेख केला तो येथला. दहावीच्या वर्गांतला हुशार मुलगा. सहामाहीपर्यंत त्याचें अक्षर मोत्यासारखें होतें. थंडीच्या दिवसांत तें बिघडूं लागलें. सकाळच्या तासाला तर त्याला लेखणी नीट धरतां येईना. मला वाटलें, पोरगें माजलें, अभ्यासांत लक्ष नाहीं. मीं त्याला सर्व वर्गासमोर बोललों, आणि शुद्धलेखनाचीं दहा पानें पुन्हा लिहावयास लावलीं. त्यानें लिहून आणलीं. पुढें तो शाळा सोडून गेला. उजवा हात डाव्यापेक्षां बारीक दिसतो म्हणून त्यानें व्यायामशाळा धरली. तेथें त्याला त्या हाताचा व्यायाम वाढवावयास सांगण्यांत आलें. त्यानें तो दीड वर्ष केला. हात भरला नाहीं. अंगठा व तर्जनी यांच्यामधला मांसल भाग खोलगट झाला, बोटें पसरलीं कीं थरथरूं लागलीं. दुखत मुळींच नव्हतें, आणि दुखत नव्हतें म्हणूनच घरांत कोणी मनावर घेतलें नाहीं.

ह्या विकाराचें वर्णन जपानचे डॉक्टर केइझो हिरायामा यांनीं १९५९ सालीं प्रथम केलें, व त्यांच्याच नांवानें तो ओळखला जातो. आपल्याकडे बंगलोरहून गौरीदेवी व त्यांचे सहकारी यांनीं अशा रोग्यांसंबंधीं १९८४ सालीं लिहिलें. पंधरा ते पंचवीस ह्या वयांतील मुलग्यांस तो बहुधा होतो, आणि जपान, हिंदुस्थान वगैरे आशियांतील देशांत अधिक आढळतो. हात थंडींत विशेष दुबळा होतो, ही त्याची मोठी खूण. दोष हाताच्या स्नायूंत नसतोच. मान पुढें वांकविली असतां मानेच्या मणक्यांतील मज्जारज्जूवर त्याचेंच वेष्टण पुढें सरून दाब देतें, आणि हाताच्या स्नायूंना चालविणाऱ्या पेशी हळूहळू मरतात. कांहीं वर्षांनीं हा क्षय बहुधा आपोआप थांबतो. पण गेलेलें बळ पुरतें परत येत नाहीं. म्हणून लवकर ओळखून मान वांकूं न देणारा पट्टा बांधणें महत्त्वाचें. बारीक होणाऱ्या प्रत्येक हाताला हाच रोग असतो असें नव्हे. मानेंतील किंवा कोपराजवळील मज्जातंतु दाबला गेल्यानेंहि तसें होतें. तें मज्जातंतूंच्या डॉक्टरांनीं ठरवावें. घरच्यांनीं व शिक्षकांनीं एवढेंच पाहावें कीं, मुलाला सदऱ्याचीं बटणें लावतां येतात काय, कुलुपांत किल्ली फिरवितां येते काय, आणि महिन्यापूर्वींचें अक्षर व आजचें अक्षर सारखें आहे काय.

त्या मुलाचा रोग अठराव्या वर्षीं ओळखला गेला. त्यानें तीन वर्षें मानेला पट्टा बांधला. पुढची झीज थांबली. आतां तो एका कचेरींत हिशेबाचें काम करतो व डाव्या हातानें लिहितो. दोन वर्षांपूर्वीं मीं त्याची क्षमा मागितली, तेव्हां तो हंसून म्हणाला, "सर, त्या वेळीं मला तरी कुठें ठाऊक होतें?" दिवाळींत त्याचें पत्र येतें. पत्ता तो स्वतःच्या हातानें लिहितो, आणि पोस्टमन तो वाचून पत्र बरोबर माझ्या दारांत आणून टाकतो.